दहा किलो वांग्याच्या भरताला कोथिंबीर किती किलो?

सावद्याची सून
जानेवारीत दिराच्या हळदीला भरीत-पुरीचं जेवण आहे. वांगी १० किलो. भाजायला, ठेचायला माणसं आहेत. अडलंय ते पाल्यापाशी. सासूबाईंच्या वहीत किलोभर वांग्याला ‘बारीक चिरलेली कोथिंबीर २ वाट्या, कांद्याची पात दीड वाटी’ असं लिहिलंय. भाजीवाला विचारतो, किलो किती देऊ? शिवाय मठ्ठ्याला ताजा पुदिना नाही मिळाला तर वाळलेला किती घालू?

यावलचा भाऊ
वाटी म्हणजे २०० ग्रॅम. २० वाट्या झाल्या ४ किलो. सोपं आहे.

अमळनेरची मावशी
४ किलो? अहो भाऊ, भरीत करायचंय की गुरांना चारा? २०० ग्रॅम पाणी मावतं वाटीत. चिरलेल्या पाल्याच्या वाटीत बरीचशी हवाच असते.

सूनबाई, मी हिवाळ्यात भरताच्या ऑर्डरी घेते, त्यामुळे हे सगळं तोलून ठेवलंय. माझी वाटी १५० मिलिची. कोथिंबीर बारीक चिरून न दाबता भरली की साधारण १५ ग्रॅम. तीच बोटांनी दाबली तर २५च्या पुढे. धुऊन लगेच चिरली तर पाण्याचंही वजन धरलं जातं, म्हणून आधी फडक्यावर पसरून सुकवा. पात मात्र रसाळ, तिची तीच वाटी ६० ग्रॅम भरते. म्हणजे चौपट! म्हणून ‘वाटीला इतके ग्रॅम’ असा एकच आकडा कोणी सांगितला तर ऐकू नका.

हे सगळं निवडून चिरलेल्याचं वजन. मुळं आणि जाड देठ जातात, त्यामुळे कोथिंबीर आणताना दुपटीने आणते मी. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्यात पडणारा पाला अजून ज्याच्या-त्याच्या मुठीवर!

पुदिन्याचं: ताजा चिरलेला ३ चमचे, तर वाळलेला चुरा १ चमचा. हे चमच्याचं गणित आहे, ग्रॅमला लावू नका. पाल्यात बहुतेक पाणीच असतं, वाळल्यावर वजन तिसऱ्या हिश्श्याहूनही खूप खाली येतं. आणि पूड असेल तर हात आखडता, एका चमच्यात चुऱ्यापेक्षा जास्त बसते.

भुसावळ ते पुणे
परदेशी रेसिपी बघणाऱ्यांसाठी: अमेरिकन कप साधारण २४० मिलि, टेबलस्पून १५, टीस्पून ५. ऑस्ट्रेलियाचा टेबलस्पून २० मिलिचा असतो. वाळलेला ओरेगॅनो टीस्पूनला जेमतेम १ ग्रॅम, घरच्या काट्यावर कधी कधी दिसतच नाही. दहा चमचे एकदम तोला आणि दहाने भागा.

सावद्याची सून
मावशी, सासूबाईंची वाटी काठोकाठ पाणी भरून तोलली. पाणी १८० ग्रॅम भरलं. आणि त्या कोथिंबीर दाबून भरत नाहीत, विचारून घेतलं.

अमळनेरची मावशी
मग तुमची वाटी माझ्या सव्वापटीला थोडी कमी. कोथिंबीर वाटीला १८ ग्रॅम, २० वाट्यांची ३६०. पात वाटीला ७२, १५ वाट्यांची १ किलो ८० ग्रॅम. बाजारातून कोथिंबीर पाऊण किलो आणि पात दीड किलो आणा. लग्नघरात वरून भुरभुरायला कोथिंबीर लागतेच, ती पाव किलो वेगळी. आणि पात आदल्या रात्री चिरून ठेवू नका, वास मारते.