झेरॉक्सच्या दुकानात पडून राहिलेली आपली आधार कार्डं

नवीपेठकर:
प्रिंट काढायला गेलं की दुकानदार म्हणतो, "व्हॉट्सॲपवर टाका." त्याच्या डाउनलोड फोल्डरात आधार, पॅन, पासबुकं, कुणा बाईंचा सोनोग्राफीचा रिपोर्टसुद्धा. स्क्रीन गिऱ्हाइकांकडे वळवलेली! २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, दंड २५० कोटींपर्यंत आहे. काम झालं की फाईल पुसा, एवढंच म्हणणं आहे.

शटरवाला_७०फूटरोड:
लोकं आपणहून पाठवतात ओ! दोन-पाच रुपयांच्या प्रिंटसाठी २५० कोटींच्या दंडाची भीती कुणाला दाखवताय? पुसलं तर दुसऱ्या दिवशी तेच गिऱ्हाईक, "कालचंच काढा की, मोबाईल घरी राहिलाय."

वकीलबाई:
२५० कोटी ही कमाल मर्यादा, तीही सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्याबद्दल. रक्कम ठरवताना डेटा संरक्षण मंडळ चुकीचं गांभीर्य बघतं. मुख्य जबाबदाऱ्या मे २०२७ पासून लागू होतील, म्हणजे वेळ आहे. पण "आपणहून दिलं" हा बचाव लंगडा आहे. प्रिंटसाठी दिलं म्हणजे साठवायला दिलं नव्हे. सोनोग्राफीवाल्या बाईंना विचारा.

युनिफॉर्मकारखाना:
झेरॉक्सवाला सापडला म्हणून त्यालाच धरताय. याच कायद्यात सरकारी यंत्रणांना सूट देण्याची सोय आहे, शिवाय माहिती अधिकाराच्या आठव्या कलमातली वैयक्तिक माहितीची तरतूद बदलून टाकली. पूर्वी जनहित मोठं असेल तर माहिती द्या असं त्यातच लिहिलेलं होतं. आता आमच्यासारख्यांनी शिलाईवाल्या बायकांच्या बँक खात्यांची यादी कुलपात ठेवायची, आणि वरच्यांना मोकळं रान!

नवीपेठकर:
आक्षेप मान्य. जनहिताचा उल्लेख माहिती अधिकाराच्या त्याच आठव्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात अजून आहे, पण वापरणं अवघड झालंय हे खरं. म्हणून यादी उघडी टाकायची? २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. तो शिलाईवाल्या बाईचाही आहेच ना.

वकीलबाई:
गिऱ्हाइकांनीही मास्क्ड आधार पाठवावं. त्यात फक्त शेवटचे चार अंक दिसतात, आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साईटवर मिळतं.

शटरवाला_७०फूटरोड:
मास्क्ड दिलं की "हे चालत नाही, पूर्ण नंबरचं आणा" म्हणून माणूस माघारी येतो. माझ्या काउंटरवर सांगण्याआधी ज्या ऑफिसात आधार मागतात तिथल्या खिडकीवर सांगा.

नवीपेठकर:
तिथंही सांगू. तुम्ही निदान शटर ओढताना फोल्डर रिकामा करा आणि स्क्रीन भिंतीकडे फिरवा. याला काय खर्च येतो?

शटरवाला_७०फूटरोड:
स्क्रीन फिरवतो. फोल्डरचं मात्र ॲडमिशनच्या सीझनमध्ये येऊन काउंटरवर उभं राहा, मग बोलू.