मदत हवी आहे: रस्त्याच्या थराचा नमुना माहिती अधिकारात मागितलाय का कुणी?

मंडळी, बेळगावात आमच्या गल्लीत उन्हाळ्यात डांबर पडलं, पहिल्याच पावसात उखडलं. ठेकेदार तुंबलेल्या पाण्याकडे बोट दाखवतो. पाण्याने डांबर-खडीची पकड सुटते, कबूल. पण इथे वरचा थर पापडासारखा सबंध निघतोय. म्हणजे जुन्या रस्त्यावरची धूळ न झाडता, टॅक कोट (नवा थर जुन्याला चिकटावा म्हणून मारायचा पातळ डांबराचा हात) न मारता किंवा नावापुरता शिंपडून माल ओतलाय. शिवाय नळाच्या पाइपचा चर थराथराने न दाबता नुसती माती ढकलून बुजवलाय. तो खचला की रस्तावाले पाणीवाल्यांवर ढकलणार, आणि ठेकेदाराने फुकट दुरुस्ती करायची मुदत तशीच संपणार. खरी मेख तिथेच आहे.

माहिती अधिकाराच्या अर्जात मागणार आहे: कार्यादेश, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तकाच्या (झालेल्या कामाची मापं लिहायची सरकारी वही) प्रती, चाचणी अहवाल, दोषदायित्वाची (म्हणजे वरच्या फुकट दुरुस्तीची) मुदत, चर खणायच्या परवानगीची प्रत. कर्नाटकात अर्ज एकाच विषयाचा, शक्यतो १५० शब्दांच्या आत, फी १० रुपये. मराठीत लिहून भागणार नाही. कन्नड किंवा इंग्रजीच बरी.

आता अडतंय ते असं. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(जे) नुसार साहित्याचा प्रमाणित नमुनाही मागता येतो. रस्त्याचा कोअर (थरांचा गोल उभा तुकडा) कापून असा नमुना कुणी मिळवलाय का? कापायचा खर्च कुणी भरला? जाडी आणि डांबराचं प्रमाण तपासायला तो कुठल्या प्रयोगशाळेत दिला? आणि हाताने लिहिलेलं कन्नड मोजमाप पुस्तक नीट वाचून देणारं कुणी असेल तर कृपया कळवा.