फ्लेवरवाला सिगार पहिल्यांदाच ओढला, पुढचा कोणता घेऊ? (बजेट ५००)

पंचगंगाकाठ
मंडळी, सल्ला पाहिजे. गेल्या रविवारी पन्हाळ्याच्या पायथ्याला मित्राच्या शेतघरावर व्हॅनिलाचा सिगार ओढला. पहिलाच. टोक दातानं तोडलं, तर वरचं पान उलगडतच आलं. सवय सिगारेटची, म्हणून धूर सरळ छातीत घेतला. दहाव्या मिनिटाला दरदरून घाम, हात गार, मग उलटी. पण ओठांवर गोडवा राहिला आणि वास असा, की आजोबांच्या चंचीत कुणी बासुंदी सांडलीय. तो डोक्यातून जात नाही. ५०० च्या आत चेरी घेऊ की कॉफी?

राजारामपुरी_९वी_गल्ली
भावा, फ्लेवरचं सोड. मी दुबईहून डोमिनिकन पेटी आणली. साधे, हातानं वळलेले, आत आख्खी पानं. नग २२०० ला पडला. फ्लेवरवाले बहुतेक मशीनवर वळलेले, आत चुरा. चुरा भसाभसा जळतो, धूर तापतो, जीभ पोळते.

पंचगंगाकाठ
दादा, बजेट ५०० आहे.

राजारामपुरी_९वी_गल्ली
म्हणूनच सांगतोय. पैसे साठव, एकच घे, पण चांगला घे.

निपाणीचा_जावई
आमच्या सासरवाडीला तंबाखूच पिकते. तुला का लागला ते सांगतो. सिगारचा धूर छातीत घ्यायचाच नसतो. तोंडात फिरवायचा, सोडायचा. हा धूर अल्कधर्मी असतो, त्यातलं निकोटीन तोंडातूनच रक्तात उतरतं. शिवाय एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या आख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते. मिनिटाला एक झुरका, बास. पोटभर जेवून बसायचं, जवळ गुळाचा खडा ठेवायचा. मला तरी गुळानं उतार पडतो.

तटबंदी
पन्हाळ्यावर असलं काही करू नका. महाराजांचा गड आहे. दर महिन्याला थोटकं आम्ही वेचतो.

पंचगंगाकाठ
गडावर नाही हो. पायथ्याला, खाजगी शेतात.

तटबंदी
पायथा पण गडाचाच.

राजारामपुरी_९वी_गल्ली
मग वाघबीळपण गडातच धरणार काय?

शाहूपुरी_तालीम
वर म्हणालेत तेच, फ्लेवर सोड. मी चेरीचा डबा घेतला होता. पावसाळ्यात बुरशी येईल म्हणून फ्रिजमध्ये ठेवला. पंधरा दिवसांत सगळे कडक, पापुद्रे सुटले, वर लसणाच्या चटणीचा वास. ६५ ते ७० टक्के ओलावा लागतो हे नंतर कळलं. दुकानदारानं एका शब्दानं सांगितलं नाही, अजून राग जात नाही. डबा घेऊ नको, एकेकच घे.

निपाणीचा_जावई
परत सांगतो, छातीत नाही! आणि दातानं तोडू नको. धारदार कटरनं टोपीचा, म्हणजे ओठात धरायच्या बंद टोकाचा, दोनेक मिलिमीटर तुकडा काढ. पेट्रोलचा लायटर नको, त्याचा वास आत बसतो. काडेपेटी चालते, पण गुल जळून जाऊ दे, मग काडी धर.

कागलची_दंतवैद्य
छातीत घेतला नाही म्हणजे धोका नाही, असं समजू नका. तोंडाचा आणि घशाचा कर्करोग सिगारनंही होतो. गोड चवीमुळे तर भीतीच वाटेनाशी होते. तोंडातले पांढरे चट्टे मी खुर्चीवर बघते, तिशीतल्या पोरांचे. सोडून द्या.

राजारामपुरी_९वी_गल्ली
डॉक्टर, आमचे आजोबा ८८ वर्षं जगले, रोज विडी ओढून.

कागलची_दंतवैद्य
त्यांच्याबरोबर विडी ओढणारे पन्नाशीत कोण कोण गेले, तेही घरी विचारा.

पंचगंगाकाठ
सगळ्यांचे आभार. ताई, तुमचं वाचून रात्री आरशासमोर तोंड उघडून बघितलं. सिगारेट सोमवारपासून बंद, उरलेलं पाकीट बंबात घातलं. पण सिगार घेतला. चेरी नाही, कॉफी नाही, साधाही नाही. तोच व्हॅनिला, ३५० ला, एकच. पहिल्याची चव मला नीट कळलीच नाही, ती एकदा कळू दे. रविवारी तांबडा-पांढरा ओरपून, खिशात गूळ घेऊन शेतावर बसणार.

निपाणीचा_जावई
कटर घेतलास का?

पंचगंगाकाठ
नाही, बजेटात बसेना. दाढीचं कोरं ब्लेड आहे.