कांसावलीच्या टेकडीवरचं कपेल: आईला झेपेल का?

टिळकवाडीकर: डिसेंबरअखेर आईला घेऊन बेळगावहून दक्षिण गोव्याला जायचं चाललंय. बीचवरची गर्दी तिला नको, वाळूत चालवतही नाही. "उंचावरनं समुद्र दाखव, बास" म्हणते. कांसावलीजवळ टेकडीवर तीन राजांचं कपेल, म्हणजे छोटं चर्च, आहे असं ऐकलंय. चढ कितपत? वय ६४, गुडघे कुरकुरतात. आणि चोर्ला घाटातनं जाऊ की अनमोड घाटातनं?

खानापूरचा_गडी: अनमोडातनंच जावा की. चोर्ला पणजी-म्हापशाला बरा, हे मडगावच्या अंगाला आहे. रामनगर, अनमोड, मोले, फोंडा, बोरीचा पूल, मडगाव. गाडी पार वर कपेलापर्यंत जाते. आईंना वर सोडा आणि रमतगमत चालत खाली आणा.

शहापूरची_लेक: उलटं सांगताय हो! गुडघेदुख्याला चढ परवडतो, उतार नाही. खालच्या वळणापासून हळूहळू चालू दे, उतरताना गाडीत बसवा.

आम्ही मे महिन्यात भर दुपारी चढलो होतो, मूर्खपणा. जांभ्याची जमीन नुसती तापलेली, दोन बाटल्या पाणी अर्ध्या वाटेतच संपलं. वर कपेलाला कुलूप. पण पांढऱ्या भिंतीच्या सावलीला टेकून बसलो आणि समोर बघतच राहिलो. खाली माडांचा हिरवा पट्टा, मग वाळूची बारीक रेघ, मग नुसतं पाणी. एका बाजूला खताचा कारखाना पण दिसतो, फोटोत तेवढा टाळा. चारनंतर चढा आणि सूर्य बुडेपर्यंत हलू नका.

टिळकवाडीकर: तिथं त्या तीन राजांचं भूत आहे म्हणून व्हिडिओ बघितले. आईला दाखवले नाहीत!

निपाणीकर_वहिनी: कसलं भूत! बायबलातले ते तीन राजे, बाळ येशूला भेटायला आलेले. कपेल आहे रेमेदियस मातेचं, १५९९ सालचं. दर ६ जानेवारीला तिथं फेस्त, म्हणजे चर्चचा सण, असतं. कांसावली, आरोशी, कुएली या तीन गावांतली तीन पोरं मुकुट घालून, घोड्यावर बसून वेगवेगळ्या वाटांनी टेकडी चढतात आणि कपेलापाशी एकत्र येतात. माझ्या नणंदेनं मडगावात घर केलंय, म्हणून दोनदा बघायला मिळालं. एक राजा इतका लहान होता, की घाम पुसताना मुकुट नाकावर आला. बाजूला चालणाऱ्या माणसानं तो सरळ केला, तर पोरगं त्याच्यावरच डाफरलं.

टिळकवाडीकर: वहिनी, हे आईला वाचून दाखवलं आणि फसलो. आता म्हणते ६ जानेवारीलाच जाऊ, घोडे बघायचेत.

निपाणीकर_वहिनी: या, पण त्या दिवशी गाडी वर न्यायचा नाद सोडा. खालीच लावून गर्दीबरोबर चालायचं. घडीची खुर्ची घ्या, मध्ये मध्ये टेकायला.

खानापूरचा_गडी: आणि पहाटे निघा. अनमोडात ट्रकच्या मागं सापडलात तर राजे वर पोचतील, तुम्ही अजून मोलेतच.

टिळकवाडीकर: आदल्या दिवशीच येतो मडगावला. वहिनी, नणंदबाईंना कुंदा चालतो ना?

निपाणीकर_वहिनी: चालतो काय, अर्ध्या किलोच्या खाली आणू नका.