मदत हवी आहे: सेकंडहँड गाडीची दुसरी चावी आणि बाकी राहिलेला रिकॉल

गेल्या महिन्यात सेकंडहँड गाडी घेतली. चावी एकच मिळाली, तिचंही बटणावरचं रबर फाटून आतलं सर्किट दिसतंय. दुसरी कुठे हरवली, आधीच्या मालकाला आठवत नाही! चावीवाल्याने साधं पातं कापून दिलं. दार उघडतं, पण चिप नसल्याने इंजिन सुरू होत नाही. चिपची चावी बाहेर प्रोग्राम करून घेतलीये का कुणी, की शोरूमच बरं? हरवलेली चावीही सिस्टीममधून काढायची आहे, नाहीतर उद्या कुणीतरी गाडी घेऊन जायचं.

शिवाय १७ अक्षरी चासी नंबर टाकून पाहिला तर एअरबॅगचा रिकॉल (दोष दुरुस्त करायला कंपनीने गाडी परत बोलावणं) बाकी दिसतोय. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, गाडी नावावर झाल्यावर या. अहो, रिकॉल गाडीचा असतो, मालकाचा थोडाच! नावावर व्हायच्या आधी कुणी काम करून घेतलंय का? कोणते कागद दाखवलेत?