उत्तर: गॅल्व्हेस्टनच्या क्रूझला आई-बाबांना न्यायचंय, टीप ठेवायची का काढायची

प्रेषक: परभणी, सध्या ह्यूस्टन

सगळ्यांना नमस्कार, आई-बाबा मागच्या महिन्यात परभणीहून आलेत आणि आपल्या मराठवाड्याकडच्या सहा-सात घरांचं मिळून थँक्सगिव्हिंगला टेक्सासच्या गॅल्व्हेस्टन बंदरातून सात रात्रींच्या क्रूझला जायचं चाललंय हे बऱ्याच जणांना माहीत आहेच. मेक्सिकोतलं कोझुमेल आणि कोस्टा माया, होंडुरासचं रोआतान असा रूट आहे. बाबांना शुगर, आईचे गुडघे दुखतात, दोघंही शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही, वर आई एकादशी धरते. परवा पॉटलकला दोघा-तिघांनी सांगितलं की बोटीवर चढलं की पहिलं गेस्ट सर्व्हिसला, म्हणजे बोटीवरच्या चौकशीच्या काउंटरला, जाऊन कंपनी आपल्या खात्यावर रोज आपोआप लावते ती टीप काढून टाकायची, चौघांचे मिळून पाचशेच्या आसपास डॉलर वाचतात, सर्व्हिस तर मिळतेच. हे खरंच करतात का लोक? आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन गेलेल्यांनी जरा सविस्तर लिहा, आई आतापासूनच म्हणायली की दशम्या बांधून घेऊ.

---

प्रेषक: लातूर, सध्या डॅलस

दादा, टीप काढू नका. हे आधी सांगते, बाकीचं नंतर.

माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर लागतात ते तुमची खोली आवरणाऱ्याला, जेवणाच्या टेबलावरच्या वेटरला, त्याच्या असिस्टंटला आणि आत किचन-लॉन्ड्रीत राबणाऱ्यांना जातात. ही माणसं बहुतेक फिलिपीन्सची, इंडोनेशियाची, आपल्या गोव्या-मुंबईकडची. सहा ते नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, आठवड्याची सुट्टी नाही, रोज दहा-बारा तास काम. बोटींची नोंदणी बहुतेक बहामाज, पनामा अशा परदेशातली असते त्यामुळं अमेरिकेतला किमान पगाराचा कायदा त्यांना लागूच होत नाही. बोटीवर काम करणाऱ्यांसाठी २००६ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शन, त्यात दिवसाला किमान १० तास आणि आठवड्याला ७७ तास विश्रांती असा हिशोब आहे, आता आठवड्याच्या १६८ तासांतून ७७ वजा करून बघा किती उरतात ते. आपल्या बीडकडची माणसं दिवाळीच्या आगंमागं लेकरं आजीपाशी ठेवून ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यातच परत येतात, तशीच ही माणसं आहेत, फक्त यांच्या अंगावर इस्त्रीचा युनिफॉर्म असतो म्हणून आपल्याला कळत नाही. आपण मराठवाड्याच्या लोकांनी तरी हे पैसे वाचवू नयेत असं मला मनापासून वाटतं.

आता जेवण. बुकिंग झालं की लगेच कंपनीच्या ॲक्सेसिबिलिटी-डाएटच्या विभागाला ईमेल टाका आणि त्यात इंडियन व्हेजिटेरियन, नो एग असं स्वच्छ लिहा. नुसतं व्हेजिटेरियन लिहिलं तर रोज पास्ता आणि चीज येतं आणि अंड्याचं काही सांगता येत नाही. पण ईमेलवर भरवसा ठेवून बसू नका, पहिल्याच रात्री डायनिंग रूममध्ये हेड वेटरला गाठा. तो रोज रात्री दुसऱ्या दिवशीचं विचारून जातो, काय पाहिजे ते त्याला सांगायचं. किचनमध्ये भारतीय हात बहुतेक वेळा असतातच, आमच्या टेबलावर वरण, भेंडी, गरम पोळी आली होती आणि सासूबाईंनी तिखट मागितलं तर हिरव्या मिरच्या मिठात परतून आणून दिल्या. मेनूवर यातलं काहीच नव्हतं. एकादशीला साबुदाणा मिळणार नाही पण उकडलेला बटाटा, दही, फळं, शेंगदाणे सांगून ठेवले तर मिळतात. बाबांच्या गोळीची वेळ सांभाळायची तर लवकरचं जेवण घ्या, साडेपाच-सहाचं, उशिराचं आठच्या पुढं जातं. दशम्या मात्र घरी राहू द्या, घरचं शिजवलेलं सहसा चढू देत नाहीत, दुकानातलं बंद पाकीट चालतं. इलेक्ट्रिक कुकर, इस्त्री, चहाची केटली हे पण तपासणीत काढून ठेवतात.

गुडघ्यांसाठी खोली मधल्या भागात, खालच्या डेकवर, लिफ्टजवळ मागा, तिथं हेलकावे पण कमी लागतात. व्हीलचेअर आधी कळवली तर चढताना-उतरताना मिळते पण तेवढीच, बोटीवर फिरायला हवी असेल तर आपली न्यायची किंवा भाड्याने घ्यायची. कोस्टा मायाचा धक्का लांबलचक आहे, आईंना तिथं चालत नेऊ नका.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझे सासरे २०१६ ला लातूरमध्येच होते, मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा घागरी-हंडे घेऊन लाईनीत उभे राहिलेले. त्यांना बोटीवर शो-बिवो काही नको होतं, पहिल्या दिवसापासून एकच विचारायचे की एवढ्या हजारो माणसांच्या अंघोळीला, स्विमिंग पूलला पाणी येतंय कुठून. मी गेस्ट सर्व्हिसच्या पोराला विचारलं, त्यानं हसण्यावारी नेलं नाही, कुणाला तरी फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी एक ज्युनिअर इंजिनिअर चक्क चहाच्या वेळेला आमच्या टेबलाशी येऊन बसला, मंगळूरकडचा, हिंदीत सांगत होता. इंजिनच्या उष्णतेवर समुद्राचं पाणी वाफ करून गार करतात, किंवा दाबानं बारीक पडद्यातून गाळतात, आणि पिण्याआधी त्यात क्षार परत घालतात. सासऱ्यांनी कागदावर आकृती काढून घेतली त्याच्याकडून. त्या पोरांना यासाठी वेगळा पैसा मिळत नव्हता. क्रूझची सर्व्हिस म्हणजे माझ्या लेखी ही, टॉवेलचा हत्ती करून पलंगावर ठेवतात ती नाही.

---

प्रेषक: संभाजीनगर, सध्या ऑस्टिन

ताई, तुमचं सगळं पटतंय पण माझं म्हणणं ऐका. माणसांना पगार देणं हे कंपनीचं काम, ते आपल्या खिशातून कामून? आमच्या वेळेला वारा होता म्हणून एक पोर्ट गाळलं, कप्तानानं स्पीकरवर दोन वाक्यं सांगितली आणि विषय संपला. परत काय मिळालं तर पोर्टचा टॅक्स, तो पण बोटीवरच्या खात्यात. बाहेरच्या एजंटकडं बुक केलेली टूर बुडाली. गेस्ट सर्व्हिसला ही लाईन, काउंटरवरची मुलगी गोड बोलून हेड ऑफिसला लिहा म्हणाली, हेड ऑफिस म्हणतं तिकिटाच्या करारात लिहिलंय. माझ्या वडलांना उलट्या झाल्या तर बोटीवरच्या दवाखान्यात सलाईन लावलं, डॉक्टर चांगला होता, पण बिल सरळ खात्यावर टाकलं, इन्शुरन्सवाल्यांच्या मागं आम्हीच फिरलो. एवढं झाल्यावर मी टीप काढली आणि मला त्यात काही चूक वाटत नाही.

---

प्रेषक: लातूर, सध्या डॅलस

दादा, राग बरोबर आहे, पण तो काढला त्या राबणाऱ्या माणसांवर. टीप काढल्यानं हेड ऑफिसला काय झळ लागली? पोर्ट गाळायचा निर्णय खोली आवरणाऱ्यानं घेतला नव्हता आणि वडलांची उलटी पुसायला तोच आला असणार.

कंपनीशी भांडायचंच, पण जिथं आपला हक्क आहे तिथं. फेब्रुवारी २०१३ मध्ये कार्निव्हल ट्रायम्फ नावाची बोट, आपल्या गॅल्व्हेस्टनहूनच निघालेली, इंजिन रूमला आग लागून मेक्सिकोच्या आखातात बंद पडली, चार हजारांवर माणसं, बहुतेक संडास बंद, ओढत ओढत अलाबामातल्या मोबिलला आणली. त्यानंतर त्याच वर्षी क्रूझ कंपन्यांच्या संघटनेनं प्रवाशांच्या हक्कांची यादी काढली. यंत्र बिघडून ट्रिप रद्द झाली तर पूर्ण पैसे, बिघाडामुळं मध्येच संपवली तर काही पैसे परत, त्यापायी भलत्याच बंदरात उतरून रात्र काढावी लागली तर राहायची सोय, आणि काय चाललंय ते वेळेवर सांगणं. वाऱ्यामुळं गाळलेलं पोर्ट यात बसत नाही, ते खरंच करारात लिहिलेलं असतं. म्हणून टूर बोटीकडूनच घ्यायची, थोडी महाग पडते, पण पोर्ट गाळलं तर तिचे पैसे परत येतात आणि टूरला उशीर झाला तर बोट थांबते. बाहेरच्या टूरसाठी थांबत नाही. आणि दवाखान्याचं म्हणाल तर म्हाताऱ्या माणसांचा इन्शुरन्स घेताना बोटीवरचं बिल आणि हेलिकॉप्टरनं हलवायची वेळ आली तर तो खर्च, हे दोन्ही आहे का ते लेखी विचारून घ्या. भारतातून काढलेली पॉलिसी असेल तर जुनी शुगर-बीपी त्यात धरलीय का ते बघा.

हात साबणानं धुवायला लावा, जेवायच्या दारातल्या सॅनिटायझरवर भागवू नका, उलट्या-जुलाबाचा नोरोव्हायरस त्याला नीट दाद देत नाही. सीडीसी, म्हणजे अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था, अमेरिकेत येणाऱ्या बोटी अचानक येऊन तपासते आणि शंभरपैकी मार्क देते, ८५ किंवा कमी म्हणजे नापास. आपल्या बोटीचे मार्क सीडीसीच्या साइटवर सगळ्यांना दिसतात.

आणि सुरक्षेची ड्रिल, म्हणजे संकटात कुठं जमायचं त्याचा सराव, कुणी बुडवू नका. जानेवारी २०१२ ला इटलीत कोस्टा कॉन्कॉर्डिया कलंडली, ३२ माणसं गेली, त्या संध्याकाळी चढलेल्या शेकडो लोकांची ड्रिल झालीच नव्हती. आता बोट सुटायच्या आत ती करावीच लागते. पण ती इंग्रजीत आणि घाईत होते, आई-बाबांना हाताला धरून त्यांच्या जागेपर्यंत घेऊन जा, जिन्याचा रस्ता दाखवा आणि मराठीत सांगा की भोंगा वाजला तर लिफ्टकडं जायचं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात अलास्काचं कोण विचारत होतं? अमेरिकेच्या १८८६ च्या कायद्यानं तिथल्या बंदरातून निघणाऱ्या परदेशात नोंदलेल्या बोटीला मध्ये परदेशी बंदर घ्यावंच लागतं, म्हणून सिॲटलहून निघाली तरी ती कॅनडात थांबते. भारतीय पासपोर्टवाल्या आई-वडिलांना कॅनडाचा व्हिसा लागेल, आत्ताच अर्ज करा. मेक्सिकोला अमेरिकेचा चालू व्हिसा चालतो, पासपोर्ट मात्र ओरिजिनल जवळ ठेवा.

---

प्रेषक: परभणी, सध्या ह्यूस्टन

ताई, लई उपयोग झाला. आमच्या घराची टीप राहणार, बाबांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले ऊसतोडीवाल्याचे पैसे कापून कुठली मजा. ऑस्टिनच्या दादांना फोन करतोय, इन्शुरन्सचं कुठं अडलं ते समजून घ्यायचंय.

डाएटचा ईमेल उद्या रात्री सगळ्या घरांचा मिळून एकदाच टाकतो. अंबाजोगाईच्या काकूंना मीठ कमी, नांदेडच्या दोघांना कांदा-लसूण नाही, एवढं माझ्याकडं आलंय. ज्यांचं राहिलंय त्यांनी बुकिंग नंबरसकट मलाच पाठवा, लिस्टवर टाकू नका. आणि व्हीलचेअर कुणाकुणाला लागणार ते पण.