मदत हवी आहे: पागोळ्यांच्या पाण्यातलं शिसं कुठे तपासतात?

चेंबूरला आमची जुनी बैठी चाळ. पावसाळ्यात जस्ताच्या पत्र्यावरचं पाणी पिंपात धरतो, आईच्या अळूलाही तेच. परवा भाचीने पीएचची (आम्लता दाखवणारी; आकडा जितका कमी तितकं पाणी जास्त आम्ल) पट्टी बुडवली तर ५ च्या आत! साधा पाऊसही ५.६ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लच असतो, ते ठाऊक आहे. पण जास्त आम्ल पाणी पत्र्यातलं जस्त, कॅडमियम, जुन्या झाळकामातलं शिसं विरघळवतं ना? आणि शिसं उकळून जात नाही. उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं. घरात दोन वर्षांचं बाळ आहे, म्हणून धास्ती.

धातू तपासणारी मुंबईतली प्रयोगशाळा कुणाला माहीत आहे का? नमुना कशात न्यायचा? पहिल्या सरींचं पाणी सोडून दिलं तर पुरेल? (आई विचारतेय, अळूवड्या करायच्या की नाही!)